बोलण्याची चाल

६ ऑगस्ट

ताई,

वर नमस्कार वगैरे लिहिलेला नाही. लिहिला असता तर तू म्हणाली असतीस, "आली मोठी पदवीधर, घरच्यांना अर्ज करते!" तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. आई उचलते, पण तिच्या मागून तुझा आवाज येतो, "ठेव आता, भाजी करपतेय," आणि आई बिचारी ठेवते. नेमकी माझा फोन आला की भाजी कशी करपते गं?

शाळेतल्या संगीतशिक्षिकेच्या जागेसाठी तू मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी जाऊन बोललीस, हे मला माहीत आहे. घरापासून जवळ, वेळेवर सुट्टी, आईकडे लक्ष राहील. सगळं खरं. मी नाही म्हटलं, इथे आले, आणि त्या दिवसापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस. मला भांडायचं नाही. पण तू आईला सांगितलंस की मी इकडे "नुसत्या टेपा ऐकते", आणि त्यातली वाईट गोष्ट म्हणजे ते अगदी खरं आहे. म्हणून नीट सांगते.

सर एक गीतचक्र रचताहेत. सात कविता, एकामागून एक, एकच गळा, साथीला फक्त पियानो. मध्ये टाळ्या नाहीत, मध्ये थांबणं नाही. कविता एका कवयित्रीच्या आहेत. ती काही वर्षांपूर्वी वारली. जन्मभर भाड्याच्या खोल्यांत राहिली आणि त्या खोल्यांवरच लिहीत राहिली. गीतचक्राचं नाव 'भाडेकरू'. पहिल्या कवितेची सुरुवात अशी आहे:

दुसऱ्याच्या कुलपात
माझी किल्ली चालते.
मला याची भीती वाटायला हवी होती.

आता सरांची पद्धत. ते कवितेला चाल लावत नाहीत. ते म्हणतात, कवितेला चाल आधीपासून असते, बोलण्याची. आपण ती फक्त काढून घ्यायची. या बाईने आपल्या कविता घरी बसून टेपवर वाचून ठेवल्या होत्या. ती टेप सर निम्म्या वेगाने लावतात, एकेका अक्षराचा सूर पियानोवर शोधतात आणि लिहून घेतात. ती जिथे दम खाते तिथे दम, जिथे घसा खाकरते तिथे तेवढी जागा. म्हणजे गाणारीने कविता गायची नाही, त्या बाईचं बोलणं गायचं.

पण लिहिलेल्या सुरांत सगळं मावत नाही. म्हणून मी. ज्या गायिकाबाई हे गाणार आहेत त्या सप्टेंबरात येतील, तोवर मी ते बोलणं कानाने उचलायचं आणि आल्यावर त्यांना शिकवायचं. ताई, माणूस जातं, पण त्याची बोलण्याची चाल आपण दुसऱ्याच्या गळ्यात जिवंत ठेवू शकतो, याहून मोठं काम कुठलं असेल? तू हसशील. हस.

आईला हे वाचून दाखव. तिला पटेल. दिसेनासं झाल्यापासून तीही माणसं आवाजावरूनच पाहते.

तुझी धाकटी


२९ ऑगस्ट

ताई,

उत्तर नाही. हरकत नाही, मीही तुझीच बहीण आहे.

आमची खोली एका छापखान्याच्या वर आहे. खाली यंत्र चालू असलं की आमच्या पेल्यातलं पाणीसुद्धा थरथरतं, म्हणून खरं काम त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. यंत्र थांबलं की सर बोट वर करतात, काका तोंडातली पेपरमिंटची गोळी गालात सरकवतात, आणि आम्ही सुरू करतो. काका म्हणजे पियानो वाजवणारे. त्यांना सगळेच काका म्हणतात, सरसुद्धा. सर त्यांच्यापेक्षा मोठे आहेत, तरी. काकांचं म्हणणं, "आमचे सर जिवंत माणसाचं ऐकत नाहीत, म्हणून ही वेळ आलीय."

शिकायची रीत अशी. कानाला टेप लावायची, एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकायची, मग तिच्यासोबत बोलायचं, तिच्यावर, अगदी तिच्या अंगावर अंग टाकून. दोन आवाज वेगळे ऐकू येईनासे झाले की सर म्हणतात, "चिकटली." मग परीक्षा. मी बोलत असताना सर टेपचा आवाज हळूहळू बंद करतात. मी थांबायचं नाही. थोड्या वेळाने ते पुन्हा आवाज वाढवतात. तेव्हा ती आणि मी एकाच अक्षरावर सापडलो तर पास.

सुरुवातीला मला जमेना. तिची एक खोड आहे. प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर ती किंचित वर उचलते, दाराशी कुणी आलंय आणि तिने मान वर करून पाहिलं असावं, तसं. आणि दम भलत्याच ठिकाणी घेते. 'खिडकीच्या' म्हणून थांबते आणि मग 'बाहेर'. आपण असं बोलत नाही. पण आता मी बाजारातसुद्धा तशीच बोलते. परवा भाजीवाल्याला म्हटलं, "अर्धा किलो", आणि तो मागे वळून बघायला लागला, कोण आलं म्हणून.

मंगळवारी एक गंमत झाली. गंमतच म्हणते. तिसऱ्या कवितेची परीक्षा चालू होती. सरांनी आवाज बंद केला, मी बोलत राहिले, त्यांनी वाढवला, आम्ही दोघी बरोबर होतो. सर डोळे मिटून ऐकत होते. कविता संपेपर्यंत कुणी हललं नाही. मग काका म्हणाले, "सर, टेप बघा." टेपची चाकं थांबलेली होती. पट्टी पहिल्या कडव्यातच अडकली होती.

"मग वाढवल्यावर मला दोन आवाज कसे ऐकू आले?" सर म्हणाले.

"मलाही दोनच आले," काका म्हणाले, आणि त्यांनी गोळी थुंकून टाकली.

मी दोघांना हसले. चिकटणं इतकं छान जमलंय, तर भुतासारखी तोंडं काय करता?

आईला सांग, मला सर्दी झालेली नाही. रविवारी ती सारखं तेच विचारत होती. आणि तुला एक सांगायचंय. गुरुवारी तू स्वतः फोन उचललास, मी "ताई" म्हटलं, आणि तू "राँग नंबर" म्हणून ठेवून दिलास. रागावलीस तर रागाव, शिव्या दे. पण ओळख नाही असं दाखवू नकोस. ते मला लागलं.

धाकटी


१७ सप्टेंबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. तीन महिन्यांत पहिल्यांदा तुझं अक्षर पाहिलं म्हणून आधी आनंद झाला, मग वाचलं.

तू लिहिलंयस, "त्या बाईकडून परत फोन करवू नकोस. आई घाबरली. ती म्हणते, बाई धाकटीला चांगली ओळखते, पण धाकटीला काहीतरी झालंय ते आपल्याला सांगत नाहीये. बोलायचं असेल तर स्वतः बोल."

ताई, ती मीच होते. दोन्ही वेळा. त्या गुरुवारीही, त्यानंतरच्या रविवारीही. मी कुणाकडूनही फोन करवला नाही. तू ओळख दाखवली नाहीस असं मला वाटलं होतं. तुला खरंच ओळखू आलं नाही?

हे वाचून मी आरशासमोर उभी राहिले आणि मोठ्याने बोलले. माझं नाव, तुझं नाव, आपल्या गल्लीचं नाव. मला माझाच आवाज वाटला. पण आपला आवाज आपल्याला कसा कळणार? आपण तो आतून ऐकतो. म्हणून मी काकांना विचारलं. "तू आलीस त्या दिवशी जिन्यावरून हाक मारली होतीस, 'कुणी आहे का वर?' तो आवाज मला आठवतो," एवढंच म्हणाले.

आता ऐक, इकडे काय झालं. गायिकाबाई आल्या. मोठ्या नावाच्या बाई, कपाळावर चष्मा चढवलेला, आल्या आल्या सगळ्यांना हसवलं. मी त्यांना शिकवायला लागले. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी त्या आल्या. खुर्चीवर न बसताच सरांना म्हणाल्या, "मी हे गाणार नाही."

"अवघड वाटतंय?"

"अवघड असतं तर बसले असते. सोपं जातंय. काल मी घरी यांना म्हटलं, 'चहा घेणार का', आणि हे उठून उभे राहिले, अहो-जाहो करायला लागले. सर, मला अजून वीस वर्षं नवऱ्याशी भांडायचंय, आणि ते माझ्याच आवाजात."

जाताना त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावला. "तुझ्या घरी कोण कोण आहे?" मी म्हटलं, आई आणि ताई. "मग तूही ऊठ," म्हणाल्या.

मी उठले नाही. सरांनी त्याच दुपारी मला विचारलं, तू गाशील का? मोठ्या सभागृहात, नोव्हेंबरात. ताई, आपल्या घरात मी पहिली पदवीधर. त्या पदवीचं काय करायचं हे आपल्याकडे कुणालाच सांगता येत नव्हतं, मलासुद्धा. आणि आता कुणीतरी म्हणतंय, ही गाणी तूच गाऊ शकतेस, दुसरं कुणी नाही. मी हो म्हटलं.

आईला सांग की फोन मीच केला होता. घसा बसलाय म्हणावं. खोटं बोलायला सांगतेय असं समजू नकोस. मला अजून ठाऊक नाही की हे खोटं आहे.

धाकटी


९ ऑक्टोबर

ताई,

सातवी कविता टेपवर नाही, हे मी तुला लिहिलं नव्हतं. सहाच आहेत. सातवी, 'दार', तिने छापायला दिली, पण वाचून ठेवली नाही. सर इतके दिवस त्या विषयावर बोलत नव्हते. मागच्या आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर कविता ठेवली आणि म्हणाले, "वाच. सहजपणे. मी तुझ्यावरून चाल काढतो." खाली यंत्र बंद होतं. मी वाचली.

जिन्यावर मी उभी आहे.
आत दिवा आहे, आत तू आहेस,
आत बशीवर चमचा वाजला.
दार नको उघडू.

एवढीच आहे. मी वाचून गप्प बसले. सरांनी टेपवर घेतलेलं माझं वाचन निम्म्या वेगाने लावलं, सूर लिहायला लागले, आणि चौथ्या ओळीनंतर त्यांचा हात थांबला. टेपवर आणखी एक ओळ होती. 'दार नको उघडू' नंतर दम, आणि मग:

नुसतं विचार, कोण आहे.

कागदावर ती ओळ नाही. मी ती म्हटल्याचं मला आठवत नाही. काका म्हणाले, त्यांनीही मी ती म्हणताना ऐकली नाही, मी तोंड मिटून बसले होते.

सरांनी कवयित्रीच्या भावाला बोलावलं. तिच्याहून धाकटे, आता बरेच म्हातारे, कोटाची सगळी बटणं लावलेली. सरांनी फक्त टेप लावली. म्हातारे आधी नुसते ऐकत होते. पाचवी ओळ आली आणि त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग सांगितलं. दोघा भावंडांचं बरीच वर्षं बोलणं नव्हतं. एका संध्याकाळी ती त्यांच्या दाराबाहेर येऊन उभी राहिली. पावलांवरून त्यांनी ओळखलं. ते चहा घेत होते. त्यांनी दार उघडलं नाही. कोण आहे, असंही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने ती खाली उतरून गेली. पुढे तिने कविता लिहिली आणि आधी त्यांच्याकडे पाठवली. त्यात ही पाचवी ओळ होती. त्यांनी निरोप पाठवला, एवढी एक ओळ काढ. तिने काढली. "तिला माहीत होतं आणि मला," ते म्हणाले. "तिसऱ्या कुणाला नाही."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पाणी देऊ का?"

सत्तरीचा माणूस, ताई. तो उठून उभा राहिला आणि मला म्हणाला, "ताई, तू बस. मी घेतो."

त्यांनी घरी बोलावलंय. मी गेलेले नाही.

आता माझं काम ऐक, आणि या एका बाबतीत राग बाजूला ठेव. आपल्या दोघींचे आवाज सारखे. दूधवाला फसायचा, शेजारच्या काकू फसायच्या, तुझ्या मैत्रिणी फोनवर माझ्यापाशीच सगळी गुपितं ओकून मोकळ्या व्हायच्या. एक आईच तेवढी कधी फसली नाही. तू तुझं बोलणं रेकॉर्ड करून पाठव. काहीही बोल. मी त्याला चिकटेन. जशी तिला चिकटले, तशीच तुला. तुझ्यातून माझ्यापर्यंत यायला फार थोडं अंतर आहे, ते मी चालेन.

आई मला ओळखत नाही, हे एकच मला सोसत नाही. बाकी सगळं मी निभावीन.

धाकटी


५ नोव्हेंबर

ताई,

पाठवलंस! मला वाटलं नव्हतं. आणि बोललीस काय, तर आईच्या औषधाच्या बाटलीवरची माहिती! "थंड व कोरड्या जागी ठेवावे. झोपण्यापूर्वी एक." मध्येच "आई, झाकण कुठे ठेवलंस?" आणि शेवटी, मशीन बंद झालंय असं समजून, "काय नवीन नाटकं हिची, जेवते की नाही कोण जाणे." हे शेवटचं मी इतक्या वेळा ऐकलं की पट्टी झिजेल.

काकांनी मदत केली. सरांना न सांगता आम्ही दोघं लवकर आलो. मी तुझ्यासोबत बोलले, अंगावर अंग टाकून, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, चिकटले. काकांनी तुझा आवाज हळूच बंद केला. शब्द तुझेच येत राहिले. पण "झोपण्यापूर्वी" म्हणून मी भलत्या ठिकाणी दम घेतला आणि "एक" वर गेलं. दाराशी कुणी आल्यासारखं.

काकांनी मशीन बंद केलं. मी म्हटलं, पुन्हा लावा. त्यांनी नाही लावलं. म्हणाले, "पोरी, एक सांगू? तुझ्या ताईचे शब्द त्या बाईने घेतलेले मला आवडले नाहीत. ते तरी घरी राहू देत."

मागच्या पत्रात मी लिहिलं की म्हाताऱ्या भावाच्या घरी गेले नाही. गेले होते. त्यानंतरही गेले. ते पेपर वाचून दाखवायला सांगतात. मी वाचते, ते डोळे मिटून बसतात. पहिल्या दिवशी चहा मी केला. साखर कुठे, चमचे कुठल्या खणात, मला विचारावं लागलं नाही. हे खोलीवर परत आल्यावर माझ्या लक्षात आलं. तिथे असताना त्यात काही विशेष वाटलंच नाही. ते काल म्हणाले, "शनिवारी तू सगळ्यांसमोर म्हणशील ना, ती पाचवी ओळ? मग मी विचारीन. मग इथेच राहा, ताई. खोली रिकामीच आहे."

सर म्हणतात, सगळं मनाचे खेळ आहेत, एकदा लोकांसमोर गाणं गाऊन झालं की मोकळी होशील, सगळ्यांचं असंच होतं. काका म्हणतात, "माझं नाही झालं. मी लहानपणी शिकलेले धडे माझी बोटं अजून वाजवतात, मी झोपलो तरी."

कुणाचं खरं मानू? माझा अजून विश्वास आहे, ताई, की ही गाणी लोकांपर्यंत पोचायला हवीत. तिचं कुणी ऐकलं नाही. सख्ख्या भावाने नाही. निदान मी ऐकलं. त्यासाठी थोडं आपलं द्यावं लागलं तर द्यावं, असं मला कालपर्यंत वाटत होतं. पण थोडं म्हणजे किती, हे मला कुणी सांगितलं नाही.

काल आईला फोन केला. काही बोलले नाही, नुसता श्वास घेतला, म्हटलं, निदान श्वास तरी ओळखेल. आई म्हणाली, "बाई, तुम्ही आमच्या धाकटीला बोलू का देत नाही?"

मी शनिवारी गाणार. रविवारच्या पहिल्या गाडीने येते. आईला काही सांगू नकोस.

धाकटी


८ नोव्हेंबर, शनिवार, दुपार

ताई,

आज शनिवार आहे आणि मी घरी आहे, आपल्या स्वयंपाकघरात. तू कामावरून आलीस की हे टेबलावर सापडेल. मी इथेच, हाताच्या अंतरावर बसलेली असेन. तरी आधी हे वाच, मग माझ्याकडे बघ. अक्षर वाकडं आहे. डाव्या हाताने लिहितेय.

काल सभागृहात शेवटची तालीम होती. म्हातारे भाऊ रिकाम्या खुर्च्यांत एकटेच बसले होते. सहा गाणी झाली. सातवं सुरू झालं, चौथी ओळ झाली, पाचवी झाली. तुझी शप्पथ, मी इतकं चांगलं आजवर कधी गायले नव्हते. काकांचे हात हवेत थांबले होते. आणि म्हातारे उठून उभे राहिले आणि तिथून ओरडले, "कोण आहे?"

इतक्या वर्षांनी त्यांनी विचारलं. आणि माझ्या छातीतून उत्तर वर यायला लागलं. ते माझं नव्हतं. ते इतक्या आनंदाने येत होतं, ताई, की मला रडू आलं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मला कळलं, हे एकदा त्यांच्यासमोर बाहेर पडलं तर ते कायमचं खरं होईल. मी तशीच, तोंड दाबून, मंचावरून खाली उतरले. सर हाका मारत राहिले. काका मागोमाग दारापर्यंत आले, मला गाडीत बसवून दिलं. "सहा गाणी तिच्याच टेपवर होतील. सातव्याला मी एकटा वाजवीन, गाणारीची जागा मोकळी ठेवीन," म्हणाले. सरांचं मी मोठं नुकसान केलं. आणि माझ्या हातातून काय गेलं, हे तुला निराळं सांगायला नको.

आज सकाळी इथे पोचले तेव्हा तू कामावर गेली होतीस. दार लोटलेलं होतं. आई टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती. मी उंबऱ्यातच थांबले. तिने मान वर केली.

"कोण आहे?"

काल दाबून धरलेलं तेच बाहेर पडलं. "मी."

शेवट वर उचललेला. आईने वाटाणे बाजूला ठेवले. "या. तुम्हीच ना त्या, फोनवाल्या? बसा. धाकटीकडून आलात?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? आणि मग अर्धी सकाळ आईने मला माझ्याबद्दल सांगितलं. मी शाळेत शिकवायला राहिले नाही ते बरंच झालं म्हणाली. "रोज संध्याकाळी येऊन मलाच सारेगम शिकवत बसली असती हो!" हसली. "मोठी रागावलीय, पण मोठीला राग नाही आलेला, तिला करमत नाही. तुम्ही धाकटीला सांगा. आणि तिला जेवते का विचारा." माझ्यासमोर ती हे कधी बोलली नसती. मी ऐकत राहिले, एखाद्या परक्या बाईसारखी, "हो का" म्हणत.

मग ती वाटाण्यांचं भांडं चाचपायला लागली. मी ते पुढे सरकवलं आणि तिचा हात माझ्या हातावर पडला.

तिने काढला नाही. बोटं मोजल्यासारखी एकेक चाचपली. करंगळीशी आली. दारात चेंगरून वाकडं झालेलं ते पेर. तिथे थांबली, परत अंगठ्यापासून सुरुवात केली. तिचा चेहरा मी आयुष्यात असा पाहिला नव्हता.

"हा हात धाकटीचा आहे," ती म्हणाली.

"हो, आई."

"तुम्ही नका बोलू." आवाज अगदी हळू, पण तू घाबरतेस ना तिच्या ज्या आवाजाला, तो. "मी तुमच्याशी बोलत नाहीये." मग दोन्ही हातांनी माझा हात धरून त्यालाच म्हणाली, "कधी आलीस गं? किती गार झालीस."

माझ्या घशात शब्द आले. आईने हात आणखी घट्ट धरला आणि माझ्या चेहऱ्याच्या दिशेने म्हणाली, "बाई, तुमचं कुणी असेल तिकडे जा. मी तुम्हाला वाईट बोलत नाही. पण हिला इथे राहू द्या."

तेव्हापासून मी बोललेले नाही. जेवण डाव्या हाताने झालं. आता तिला खुर्चीतच डुलकी लागलीय, पण हात सुटलेला नाही. मी थोडा जरी ओढला तर ती झोपेतच म्हणते, "राहू दे." माझ्या घशात काहीतरी वाट पाहत बसलंय. जाणार आहे की नाही, मला माहीत नाही. मी तोंड उघडून बघणार नाही.

म्हणून तुला सांगते. तू येशील तेव्हा दारातून आधी मला नावाने हाक मार, नेहमीसारखी, चिडून. मला ओ देता येणार नाही. ओही तूच दे, माझ्या वतीने. "आले गं, काय ओरडतेस!" असं काहीतरी. मी आधी कशी बोलायचे ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

आई कधी आपल्या आवाजांना फसली नाही, हे मला माहीत आहे. आज फसेल. तिला आज फसायचंच आहे.